उजवीकडची खुर्ची

ताईला कशाची किळस येत नसे. तिची सगळी नोकरी एका मोठ्या हॉस्पिटलच्या लाँड्रीत गेली. फाटलेल्या चादरी, उशांचे अभ्रे, ऑपरेशनच्या खोलीतले कपडे, सगळं तिच्या शिलाई मशीनखालून जायचं, आणि ते दरवेळी नीट धुतलेलं असायचंच असं नाही. नव्याने लागलेल्या बायका नाकाला रुमाल लावून बसायच्या. ताई शेजारच्या टेबलावर डबा उघडून निवांत जेवायची. मधे हात धुवायची, एवढंच.

अशा बाईला निवृत्त होऊन घरी बसल्यावर किळस यायला लागली ती एका वायरीची.

वायर म्हटलेलं चालत नसे, केबल म्हणायचं. ताईच्या धाकट्या भावाने तसं बजावून ठेवलं होतं. हा भाऊ बस डेपोत कारकून होता, डोक्यावर केस उरले नव्हते, तरी ताईच्या तोंडी तो बाळच होता. दोघांनीही लग्न केलं नव्हतं. दोन खोल्या होत्या. आतल्या खोलीत ताईचं मशीन आणि स्वयंपाक, बाहेरच्या खोलीत बाळचं गाणं. बाळच्या खुर्चीजवळ टेबलावर प्लेअर होता, समोरच्या भिंतीशी अँप्लिफायर आणि त्याच्या दोन्ही अंगांना माणसाच्या कमरेएवढ्या दोन पेट्या. साहजिकच डाव्या आवाजाची एक आणि उजव्या आवाजाची एक, अशा दोन जाडजूड केबली थेट खोलीच्या मधून जायच्या. त्यांना जमिनीचा स्पर्श चालत नसे. त्यासाठी लाकडाचे छोटे छोटे ठोकळे होते आणि त्यांवर त्या पालख्यांत बसल्यासारख्या आडव्या पडलेल्या असत. "फरशीला लागल्या की आवाज मंदावतो," बाळ म्हणायचा. सोवळं म्हणतात ते असं. खाली महिन्याची धूळ साचलेली, केसांची गुंतवळ झालेली, पण केरसुणी लावायची नाही.

नवी केबल आली की ती मुरावी लागे. म्हणजे बाळ सकाळी कामावर जाताना एक सूंऽऽ असा आवाज लावून जायचा आणि तो संध्याकाळपर्यंत चालू ठेवायचा. त्याने म्हणे तारेच्या आतलं तांबं सरावतं. तांबं सरावत असेल नसेल, ताईचं डोकं काही सरावलं नाही. त्या आवाजात तिने किती दुपारी घालवल्या ते तिचं तिलाच ठाऊक.

ही सगळी विद्या घरात आणली ती कानसेनने. हे त्याचं नाव नव्हे, पण सगळे त्याला त्याच नावाने ओळखायचे आणि त्याला ते आवडायचं. आवाजाच्या सामानाचा तो व्यापार करायचा. दुकान नव्हतं, एक चामडी बॅग होती. दर रविवारी सकाळी तो यायचा. बरोबर एक जण असायचा, ज्याचं काम फक्त मान डोलावणं. ताईने त्याला होयबा हे नाव ठेवलं होतं, अर्थात मनातल्या मनात. रविवारी दार नुसतं लोटून ठेवायचं, बेल वाजवायची नाही, चाहूल न देता आत येऊन आपापल्या जागी बसायचं, हा त्यांचा नेम. बाळच्या उजव्या हाताची वेताची खुर्ची कानसेनची. ती दुसऱ्याला मिळत नसे. होयबा डावीकडे स्टुलावर बसायचा.

मग ते तिघं डोळे मिटून तीच ती रेकॉर्ड ऐकायचे. डावीकडून व्हायोलिन, उजवीकडून बासरी. ताईला आतून ऐकून ऐकून ती पाठ झाली होती. रेकॉर्ड संपली की कानसेन ओठ चाटायचा, सावकाश, मांजर दूध पिऊन चाटतं तसे, आणि म्हणायचा, "हवा आली. आता आवाजात हवा आली." होयबा म्हणायचा, "हवा आली." ताईने केलेला चहा प्यायचे, मोजे घातलेले पाय सतरंजीवर घासायचे, त्या मोज्यांना आंबूस वास यायचा. ताईला वाटायचं, लाँड्रीतल्या चादरी बऱ्या होत्या. त्या निदान खोटं बोलत नव्हत्या.

गेली थंडी सरता सरता बाळची तक्रार सुरू झाली. "डावीकडचं व्हायोलिन झाकलेलं येतंय. कोणीतरी पांघरूण घातल्यासारखं." कानसेनने गंभीर होऊन डावी केबल बदलली. मग दोन्ही बदलल्या. मग टोकाच्या पिना सोन्याच्या मुलाम्याच्या आल्या. उन्हाळ्यात दोन्ही पेट्यांची अदलाबदल करून झाली. पांघरूण काही निघेना. बाळ हिरमुसला. डेपो आणि गाणं, एवढंच त्याचं आयुष्य होतं, आणि त्यातलं अर्धं कोणीतरी काढून नेल्यासारखा तो बसून राहायचा. जेवताना ताई काही बोलली तर उत्तर देत नसे. ताईला वाटे, माणूस घुमा झाला. बहिणीचं ऐकायला याला सवड कुठली, वायरींची काळजी आहे ना. ती आतल्या आत चरफडायची आणि त्याच्या डाव्या हाताला बसून मुकाट जेवायची.

एका शनिवारी तिचा संयम सुटला. बाळ कामावर गेल्यावर तिने ते ठोकळे उचलले आणि ओल्या फडक्याने फरशी पुसून काढली. फडकं काळंकुट्ट निघालं. पुसता पुसता केबली ओढल्या गेल्या आणि अँप्लिफायरच्या पाठीमागून दोन्ही पिना निसटल्या. ताई चपापली. दोन्ही टोकं सारखीच सोनेरी. लाल-पांढरी खूण होती, पण इतकी बारीक की चष्मा लावूनही दिसेना. तिने देवाचं नाव घेतलं आणि जशा बसतील तशा खोचून दिल्या. ठोकळे पुन्हा जागच्या जागी ठेवले. बाळला सांगितलं मात्र नाही.

रविवारी मंडळी जमली. रेकॉर्ड लागली आणि आत चहाचं आधण ठेवताना ताईने कान टवकारले. व्हायोलिन खिडकीच्या बाजूने यायचं ते आज कपाटाच्या बाजूने येत होतं. इकडचं तिकडे झालं होतं. आता पकडली जाणार म्हणून ती दारात येऊन उभी राहिली. पण कोणाच्या चेहऱ्यावर काहीच नाही. उलट बाळचे डोळे चमकले.

"व्हायोलिन उघडलं," तो म्हणाला. "कितीतरी महिन्यांनी उघडलं."

"म्हटलं नव्हतं?" कानसेन खुर्चीत मागे रेलला. "केबल मुरली."

"मुरली," होयबा म्हणाला.

"पण बासरी दबली हो," बाळ म्हणाला. "डावीकडे अजून काहीतरी झाकलेलं आहेच."

डावीकडे. बासरी जन्मभर उजवीकडून यायची, आणि हा म्हणत होता डावीकडे. झाकलेलं म्हणजे डावीकडचंच हे त्याच्या तोंडी बसलं होतं, आणि बाकी दोघं सुज्ञपणे माना हलवत होते. ताईला राहवलं नाही. तिने सांगून टाकलं, "काल पुसताना पिना निघाल्या माझ्या हातून. उलट्या लागल्या असतील."

कानसेन उठून बघून आला. चेहरा पडायला हवा होता, पण तसा तो पडणाऱ्यांतला नव्हता. "तरीच," तो म्हणाला, "मला मघापासून खटकत होतं."

"मलाही," होयबा म्हणाला.

पिना सरळ केल्या. रेकॉर्ड पुन्हा लावली. व्हायोलिन डावीकडे आलं आणि बाळचा चेहरा उतरला. "परत पांघरूण," तो म्हणाला. "बासरी तेवढी मोकळी झाली."

कानसेन बॅगेत हात घालून म्हणाला, "याच्यावरची एक केबल आहे."

ताईला तेव्हा कळलं. पेट्या बदलून झाल्या, तारा बदलून झाल्या, आज तर तिच्या हातून उलट्याही लागून झाल्या. जे डावीकडे येईल ते झाकलं जात होतं, मग ते काही का असेना. डावीकडची एकच गोष्ट आजवर बदललेली नव्हती. आपण रोज कुठल्या बाजूला बसून जेवतो हे तिला आठवलं.

ती बाळच्या डाव्या अंगाला, जरा मागे जाऊन उभी राहिली. लहानपणी त्याला पालीची भयंकर भीती. ती नेहमीच्या आवाजात, ओरडून नव्हे, म्हणाली, "बाळ, तुझ्या पायाशी पाल आहे."

होयबाने दोन्ही पाय स्टुलावर घेतले. बाळ रेकॉर्डचं पाकीट वाचत होता, तो तसाच वाचत राहिला. थोड्या वेळाने त्याने मान वर केली. "काय झालं? सगळे माझ्याकडे का बघताय?"

शेवटी कानसेनच म्हणाला, आणि अगदी मोकळेपणाने म्हणाला, "अहो ताई, ते तर मला थंडीतच कळलं होतं. डावीकडून बोललं की त्यांना येत नाही ऐकू. म्हणून तर मी ही खुर्ची सोडत नाही."

"मग सांगितलं का नाही?"

"एखाद्याच्या आनंदावर आपण कशाला विरजण घालायचं?"

हे म्हणताना त्याने चहा संपवला. तळाशी राहिलेली साखर बोटाने काढून चाटली. ताईला मळमळलं. हॉस्पिटलात इतकी वर्षं काढून जे झालं नाही ते त्या बोटाकडे बघून झालं. ती आत गेली आणि ते निघून जाईपर्यंत बाहेर आली नाही. नंतर तो कप घासला, पुन्हा घासला, आणि तरी तो फळीवर ठेववेना म्हणून कचऱ्यात टाकला.

कानाच्या डॉक्टरांनी बाळला काचेच्या खोलीत बसवून तपासलं. डावा कान गेला होता. "सुरू झालं तेव्हा लगेच आला असतात तर औषध देऊन बघता आलं असतं," डॉक्टर म्हणाले. "आता उजवा जपा." बाळने विचारलं, "आणि गाणं?" डॉक्टरांना प्रश्न कळला नाही. ते म्हणाले, "ऐका की, त्यात काय."

घरी येऊन बाळने प्लेअरवर फडकं टाकलं आणि बरेच दिवस काढलं नाही. इतकी शांतता ताईला हवी होती, पण ही नको होती. ती कोपऱ्यावरच्या विजेच्या सामानाच्या दुकानात गेली, जिथे ती बल्ब घ्यायची. भावाला एकाच कानाने ऐकू येतं, डावं-उजवं एकत्र करता येतं का, असं तिने विचारलं. दुकानदाराने डब्यात हात घालून एक साधा प्लास्टिकचा जोड काढून दिला. दोन्हीकडचा आवाज त्यात एक होऊन दोन्ही पेट्यांतून सारखाच येतो, म्हणाला. पाकीटसुद्धा नव्हतं त्याला.

बाळने तो लावला आणि उजवा कान पेट्यांकडे करून बसला. व्हायोलिन आलं, बासरीही आली, दोन्ही शेजारी शेजारी. त्याने डोळे पुसले. मग म्हणाला, "जोड जरा कोरडा वाटतो, नाही?"

ताईने कपाळावर हात मारला. संध्याकाळी बाळ फोनवर कानसेनला रविवारी ये म्हणून सांगताना तिने ऐकलं आणि तिचं डोकं फिरलं. "त्या माणसाला? त्याने तुझा कान घालवला, बाळ."

"कान माझा गेला, त्याने नाही घालवला," बाळ म्हणाला. "आणि ऐकायला सोबत लागते, ताई. दुसरं आहे कोण?"

एवढ्या वर्षांत ताई एकदाही त्या खोलीत बसून गाणं ऐकायला गेली नव्हती.

रविवारी दार लोटलेलं होतं. बाळने डोळे मिटले होते आणि रेकॉर्ड चालू होती. कानसेन नेमाप्रमाणे चाहूल न देता आत आला, एकटाच, बगलेत बॅग. आपल्या खुर्चीपाशी येऊन थबकला. वेताच्या खुर्चीत ताई बसली होती, मांडीवर उसवलेली उशी, हातात सुईदोरा. तिने मानेनेच स्टूल दाखवलं, डावीकडचं.

तो अवघडून बसला. बॅगेतून मखमली डबी काढली, उघडली आणि बाळच्या डाव्या कानाशी वाकून दबक्या आवाजात बोलायला लागला. हा प्लास्टिकचा जोड कसा आवाज मारतो, त्यात तांबं कसं हलकं असतं, आणलेल्यात कशी हवा आहे. बोलला, थांबला, पुन्हा पहिल्यापासून बोलला. ताई त्याच्याकडे बघत दोरा ओढत होती.

व्हायोलिन संपून बासरी सुरू झाली तेव्हा बाळने डोळे न उघडताच मान उजवीकडे वळवली.

"कानसेन आला नाही का गं अजून?"

"नाही," ताई म्हणाली. "कोणी नाही. तू ऐक."