हाताला गार, पडद्यावर नव्वद

धारूरच्या बाजारात आमचं किराणा दुकान आहे. त्याच्याच एका कोपऱ्यात मी लग्नपत्रिका तयार करून छापून देते. यजमान डाळ-साखर बघतात, मी कम्प्युटर बघते. गेल्या लगीनसराईत तो चालू कामात आपोआप बंद पडायला लागला. पडदा काळा व्हायचा, पंख्याचा आवाज थांबायचा, आणि थोड्या वेळानं बटण दाबलं की परत गुमान चालू.

त्या दिवशी डोंगराकडच्या वस्तीवरचे एक मेंढपाळ काका लेकीच्या पत्रिकेसाठी समोर बसले होते. निम्मा मजकूर टाकून झाला की कम्प्युटर बंद. परत टाकला, परत बंद.

"व्होल्टेज कमी हाय," यजमान गल्ल्यावरून म्हणाले.

"मग फ्रीज कसा चालतोय?"

"त्याचं येगळं असतंय."

मला व्हायरसची शंका होती. पण कम्प्युटर चालू होतानाच जी सेटिंग उघडता येते, तिच्यात प्रोसेसरचं तापमान दिसतं, ते उघडलं तर काही काम नसताना आकडा चढतच होता. नव्वदच्या पुढे गेला आणि कम्प्युटर बंद. म्हणजे तो तापत होता. बरं, कशानं?

वायर काढून कम्प्युटरचा डबा उघडला. आत धूळ, पीठ, मिरचीपूड. रंगाच्या ब्रशनं झाडताना आम्ही तिघंही शिंकत होतो. तरी आकडा नव्वद. मग मोबाईल दुरुस्तीच्या दुकानातून प्रोसेसरची उष्णता वर ओढून घेणारी पेस्ट आणली. प्रोसेसरवरचा पंखा आणि त्याखालचा धातूचा ठोकळा काढला, वाळून खडखडीत झालेली जुनी पेस्ट पुसली, नवी लावली, सगळं जागेवर बसवलं. आता तर आकडा आधीपेक्षा भराभर चढला. पंखा मात्र छान फिरत होता.

मी भीत भीत ठोकळ्याला बोट लावलं. गार.

यजमानांनीही लावून बघितलं. "गार हाय की. आकडाच खोटा हाय."

"ताई, तापलंय म्हनता आन् गार लागतंय," काका म्हणाले. "मंग खरं काय धरायचं?"

आकडाच चुकीचा असेल, असं मलाही वाटायला लागलं.

यजमानांनी खात्री करायला ठोकळ्याच्या कडेवर परत हात ठेवला, या वेळी जरा रेलून. पडद्यावरचा आकडा झपाझप उतरला. हात काढला, चढला. ठेवला, उतरला.

"आता काय दिसभर धरून बसू का?" ते म्हणाले.

मी बॅटरीचा उजेड पाडून ठोकळ्याखाली बघितलं. ठोकळ्याच्या चार प्लास्टिकच्या पायांपैकी एक भोकात बसलाच नव्हता. त्या बाजूनं ठोकळा उचललेला होता, प्रोसेसरला नीट टेकतच नव्हता. मग त्याची उष्णता वर येणार कशी? कम्प्युटर बंद केला, पाय अंगठ्यानं दाबला. टक् झालं. चालू केल्यावर आकडा चाळिशीला जाऊन थांबला, आणि पत्रिका एका बैठकीत पुरी झाली.

पण तो पाय आधीपासूनच निघालेला होता, की पेस्ट लावताना मीच अर्धवट बसवला, हे मला अजून कळलेलं नाही. माझ्याच हातून राहिला असेल, तर आधी बंद कशानं पडत होता? धुळीनं, की वाळलेल्या पेस्टनं? परत उघडून बघायची मात्र हिंमत होत नाही. यजमानांना विचारलं तर ते अजूनही व्होल्टेजच म्हणतात.