रशिया आमच्याकडे आठवडाभर उशिरा पडला

चार माणसं रोज एकाच बाकावर बसली की किस्से साचत जातात. ते कुणी जपून ठेवत नाही, पण टाकूनही देत नाही. आमचा बाक होता देवळाली प्रवरेच्या बाजूच्या एका साखर कारखान्यात, लाल बावट्याच्या युनियनच्या खोलीत. कारखान्याचं नाव विचारू नका, पोरगा अजून तिथंच नोकरीला आहे. मी टाइम ऑफिसातला क्लार्क. आबा आमचे सेक्रेटरी, युनियन निघाली तेव्हापासूनचे. त्यांनी रशिया कधी पाहिला नव्हता, पण कुणी रशियाला नावं ठेवली तर ते अर्धा चहा टाकून उठायचे.

* * *

रशिया कोसळल्याची बातमी कँटीनच्या टीव्हीवर लागली. आबा म्हणाले, "अफवा हाय."

दुसऱ्या दिवशी पेपरात आली. "भांडवलदारांचा पेपर हाय त्यो."

रेडिओवर सांगितलं. "सरकारी रेडिओ."

बॉयलरवरच्या नामदेवनं शेवटी विचारलं, "आबा, मग पडला कवा म्हनायचा?"

"नगरहून पार्टीचा निरोप आल्याबिगर रशिया पडलेला न्हाई!"

निरोप यायला आठवडा लागला. जगात सगळीकडे संपलेला सोव्हिएत युनियन तोवर आमच्या खोलीत सुखरूप होता.

* * *

मग 'रशिया का पडला' यावर बोलायला संगमनेरहून एक प्राध्यापक बोलावले. माणूस हुशार. म्हणाले, "एकच पक्ष, त्यामुळे चुका दाखवणारं कुणी नाही. खालून इशारा आला तरी वरचे ऐकत नव्हते."

एवढ्यात नामदेवनं हात वर केला. आबा म्हणाले, "प्रश्न शेवटी."

प्राध्यापक पुढे सरकले. "इशारा देणाऱ्यालाच गप्प बसवलं जाई." नामदेवचा हात पुन्हा वर. आबा डाफरले, "बस की खाली, शिस्त हाय का न्हाई?"

तेवढ्यात लाऊडस्पीकरमधून फट्ट आवाज आला आणि धूर निघाला. खोलीत काळोख.

त्या काळोखात नामदेव शांतपणे म्हणाला, "वायर जळतीय, एवढंच सांगायचं हुतं."

* * *

प्राध्यापकांनी असंही सांगितलं होतं, की वरची पकड ढिली झाली तशी एकेक प्रजासत्ताक बाहेर पडलं. झालं! ऊस यार्डातल्या कामगारांनी दुसऱ्याच दिवशी स्वतंत्र युनियन जाहीर केली. जाताना सतरंजी घेऊन गेले, कारण ती त्यांच्या वर्गणीतून आणलेली.

आम्ही फरशीवर मीटिंग घेतली. ते सतरंजी गुंडाळून दिवसभर जागा शोधत फिरले, कारण खोली आमच्याकडे. संध्याकाळी परत आले आणि होती तिथंच सतरंजी अंथरली. आम्हीही चपला काढून तिच्यावर बसलो.

* * *

कारखान्याचे चेअरमनही आबांना भेटले. वर्षानुवर्षं बिनविरोध निवडून येणारा माणूस. आमच्या भागात बिनविरोध म्हणजे मोठा मान; उभं राहणाऱ्याला आधी घरी जाऊन समजावतात.

"आबा, तुमचा रशिया गेला. वाईट झालं."

"साहेब, चूक त्यांचीच. तिथं सगळ्या निवडणुका बिनविरोध व्हायच्या."

चेअरमन खरोखर विचारात पडले. "बिनविरोध? मग पडला कशानं?"

* * *

चेअरमनच्या त्या प्रश्नावर आम्ही पोट धरून हसलो. आबा हसले नाहीत. दोन दिवस बाकावर आले नाहीत. मग मला बाजूला घेऊन म्हणाले, "आरं, मी बी बिनविरोधच हाय की. माझ्याम्होरं कुनी तोंड उघडत न्हाई. आपली युनियन आतून किडली आसंल, तर मला कळनार कसं?" आयुष्य त्या खोलीत घातलेला माणूस हे म्हणत होता.

यंदा सेक्रेटरीच्या निवडणुकीत आपल्याविरुद्ध उमेदवार पाहिजेच, असं त्यांनी ठरवलं. कुणी तयार होईना. शेवटी नामदेवला धरला. तो बिचारा हात जोडून म्हणाला, "आबा, माझं काय चुकलं?"

"चुकलं काय न्हाई. शिस्त म्हनून उभं ऱ्हायचं."

नामदेवचं नाव आबांनीच सुचवलं. प्रचारही तेच करायला लागले. खात्याखात्यात फिरून सांगायचे, "मला देऊ नका. नामदेवला द्या. आपली युनियन वाचवायची आसंल तर मला पाडता आलं पायजे." आबांचा शब्द आजवर कुणी मोडला नव्हता. त्यांनी स्वतःसुद्धा सगळ्यांदेखत नामदेवलाच मत दिलं.

कँटीनमध्ये मोजणी झाली. सगळी मतं नामदेवला. आबांना एक.

आबांनी ती एक चिठ्ठी हातात घेतली, उलटसुलट करून पाहिली. पडल्याचं दुःख त्यांच्या तोंडावर मला तरी दिसलं नाही. उलट कितीतरी दिवसांनी ते मोकळं हसले. म्हणाले, "सगळ्यांनी माझं ऐकलं. ह्या एकानं न्हाई ऐकलं. ह्यो गडी हाय तवर युनियनला मरन न्हाई. कोन हाय त्यो? हात वर कर."

कुणी हलेना. मग मागच्या बाकावरून, मान खाली घालून, नामदेव उठला.

"मी हाय आबा. मला न्हाई जमलं."