परवाना न मागणारी सीडी

शाळेच्या दप्तरात आजही असं लिहिलेलं आहे की, संगणक कक्षातल्या आठही मशीनवर बेकायदा विंडोज आमच्या संगणकाच्या बाईंनी टाकली. ते लिहिणारा मी. ते खोटं आहे. ती मी टाकली, माझ्या हाताने, गौरी-गणपतीच्या सुट्टीत, दोन दिवस बसून.

मी तेव्हा ताम्हिणीच्या रस्त्यावरच्या एका शाळेत मुख्याध्यापक होतो. घर आयटी पार्कला लागून असलेल्या माण गावात. आमच्या भाताच्या खाचरांवर कंपन्यांच्या काचेच्या इमारती उभ्या राहिल्या होत्या आणि उरलेल्या जागेत मी चार खोल्या बांधून आयटीतल्या पोरांना भाड्याने दिल्या होत्या. २००६ साली त्यातल्याच एका कंपनीने जुने संगणक बदलले आणि आठ मशीन आमच्या शाळेला दिली. टेम्पोतून ताडपत्रीखाली झाकून आली. आतलं सगळं पुसून दिलेलं होतं. सोबत एक पत्र होतं: या संगणकांवर परवाना असलेलीच प्रणाली वापरावी, जबाबदारी शाळेची. मी आधी सही केली आणि मग ते पत्र वाचलं.

संगणकाच्या बाई अमरावतीकडच्या. नवरा आयटी पार्कात नोकरीला, म्हणून त्या इकडे आलेल्या. आमच्याकडे मानधनावर होत्या. सरकारी तंत्रनिकेतनात प्रयोगशाळा सहायकाच्या जागा निघणार होत्या आणि त्यासाठी तीन वर्षांच्या समाधानकारक अनुभवाचा दाखला लागत होता. त्यांची दोन वर्षं झाली होती. असा दाखला हवा आहे, हे त्यांनी मला नेमणुकीच्या दिवशीच मोकळेपणाने सांगितलं होतं. तो दाखला माझ्याच सहीने निघायचा होता.

कोरी मशीन पाहून बाई म्हणाल्या, "सर, विंडोजऐवजी लिनक्स टाकते. फुकट आहे आणि कायदेशीर आहे. कुणी विचारलं तर मान वर करून सांगता येईल." त्यांनी ते टाकलं. मुलं मराठीत टाइप करायला शिकली. आठवीच्या मुलांनी घरोघरी विचारून भाताच्या जुन्या वाणांची यादी केली, कुठला वाण कुठल्या खाचरात यायचा, कुणाची आजी तो का पेरायची, असं सगळं. मी ती यादी एकदा वरवर पाहिली होती. चांगलं चाललं होतं.

मग संस्थेचे अध्यक्ष कक्ष पाहायला आले. तीन गावांत त्यांच्या जमिनी. पडद्यासमोर उभे राहून म्हणाले, "सर, हे काय हाय? माज्या पोराच्या मशीनवर असं न्हाई. तितं हिरवा डोंगर दिसतो."

बाई समजावू लागल्या. अध्यक्षांनी ऐकून घेतलं आणि म्हणाले, "बाई, हे शिकून पोरगं आयटीत गेलं, तर गेटवरचा वॉचमन तरी आत सोडंल का त्याला?"

सगळे हसले. मीही हसलो. बाई हसल्या नाहीत. जाताना अध्यक्ष माझ्याकडे वळून म्हणाले, "दिवाळीच्या आत डोंगर आणा, सर."

हिरवा डोंगर म्हणजे विंडोजच्या पडद्यावरचं चित्र. विंडोजचा परवाना आठ मशीनसाठी विकत घ्यायचा तर तेवढी तरतूद शाळेकडे नव्हती. मी ते अध्यक्षांना सांगायला हवं होतं. त्याऐवजी मी माझ्या भाडेकरूकडे गेलो. लातूरचा हसतमुख मुलगा, एका कंपनीत कामाला. त्याच्या खोलीतला जुनाट संगणक वाऱ्यासारखा चालायचा.

"काका, ही विंडोजच आहे," त्याने सांगितलं. "कुणीतरी ती उघडली, नको ते काढून टाकलं आणि पुन्हा बांधली. जुन्या मशीनवर पळते नुसती."

"परवाना?"

"विचारतच नाही." तो हसला आणि मग एकदम थांबला. "पण काका, शाळेत नका टाकू हं. माझ्या मशीनवर आहे काय, गाणी आणि पिक्चर. ज्यानं ही बांधली त्यानं आत काय ठेवलंय, कुणाला माहीत? आणि अपडेट सगळे बंद करून ठेवलेत. एखादं भोक सापडलं तर बुजवायला कुणी येणार नाही. शिवाय पकडलं गेलं तर सरळ सरळ चोरी आहे."

"छे रे, घरच्यासाठी पाहिजे," मी म्हणालो. त्याने मला सीडी दिली आणि ती कशी टाकायची तेही दाखवलं.

सुट्टीत बाई गावी गेल्या होत्या. कक्षाची किल्ली माझ्याकडे. पहिल्या मशीनलाच पहिला दिवस गेला, दुसऱ्या दिवशी उरलेली भराभर झाली. मला मोठी मजा वाटत होती, हेही लिहायला हवं. वयाच्या अठ्ठावन्नाव्या वर्षी, सतरंजीवर बसून शिकलेला माणूस आठ संगणकांना हुकूम देत होता. लिनक्स पुसलं जाताना मुलांचं कामही जाणार, हे मला माहीत होतं. मुलं पुन्हा करतील, असा विचार मी केला.

त्या सीडीने परवान्याचा क्रमांक विचारला नाही. दोनच गोष्टी विचारल्या: नाव आणि संस्था. आता शाळेची एक रीत असते. बाक असो, पृथ्वीचा गोल असो की पेटी, प्रत्येक वस्तू नोंदवहीत कुणाच्या तरी नावावर चढते. वस्तू ज्याच्या ताब्यात, त्याचं नाव. तेहतीस वर्षं मी तशाच नोंदी केल्या होत्या. कक्षाचा चार्ज बाईंकडे, म्हणून मी एका बोटाने आठही मशीनवर बाईंचं पूर्ण नाव टाइप केलं. तेव्हा मनात खोट नव्हती. ती नंतर आली.

सुट्टी संपल्यावर बाई माझ्या खोलीत आल्या.

"सर, हे कुणी टाकलं?"

"मीच. अध्यक्षांचं तुम्ही ऐकलंतच."

"मुलांची यादी कुठंय?"

मी समोरचा हजेरीपट उघडला.

"सर, ही चोरीची प्रत आहे. मी यावर शिकवणार नाही असं म्हणत नाही, मला नोकरी पाहिजे. पण माझी याला संमती नाही, हे मी लिहून देते." दुसऱ्या दिवशी त्यांनी एक पानी पत्र आणून दिलं. त्यात सगळं होतं: परवाना नाही, अपडेट बंद आहेत, पेनड्राइव्ह लावू देऊ नये, इंटरनेट जोडू नये. मी ते घेतलं आणि आवक नोंदवहीत न चढवता खणात ठेवलं. त्यांनी पोच मागितली नाही. मुख्याध्यापकाकडे पोच मागणं त्यांना बरं वाटलं नसावं.

अध्यक्षांना हिरवा डोंगर मिळाला. दोन महिने कौतुक झालं.

जानेवारीत स्नेहसंमेलन झालं. कंपनीतर्फे एक साहेब पाहुणे म्हणून आले होते. जाताना त्यांना आमच्या कॅमेऱ्यातले कार्यक्रमाचे फोटो हवे होते. बाई मुलांच्या नाचाच्या तयारीत रंगमंचामागे होत्या. मीच साहेबांना कक्षात नेलं, त्यांचा पेनड्राइव्ह मशीनला लावला, फोटो भरून दिले. आठवड्याने कंपनीची दोन माणसं आली. त्या पेनड्राइव्हवरून त्यांच्या कचेरीतल्या संगणकांना लागण झाली होती. त्यांनी आठही मशीन तपासली. आमची सगळी मशीन किडलेली निघाली. मग त्यांनी एक चौकट उघडून पडद्यावर बोट ठेवलं. तिथे लिहिलं होतं, ही प्रणाली कुणाच्या नावे नोंदलेली आहे.

माझ्या खोलीत बैठक झाली. ती दोन माणसं, अध्यक्ष, बाई आणि मी.

"मॅडम, तुमचं नाव आहे," त्यातला एक म्हणाला.

बाईंना धक्का बसला. त्यांनी ती चौकट कधी उघडून पाहिलीच नव्हती. मग त्यांनी माझ्याकडे पाहिलं आणि अगदी शांतपणे म्हणाल्या, "मी टाकलेली नाही. सर सांगतील."

सगळे माझ्याकडे बघू लागले. निवृत्तीला पाच-सहा महिने राहिले होते. अध्यक्ष डोळ्यांनी मला काहीतरी सांगत होते. एक वाक्य पुरलं असतं आणि ते माझ्या तोंडात तयार होतं. मी म्हणालो, "कक्षाचा चार्ज बाईंकडे आहे."

शब्दाला शब्द खरं होतं ते. म्हणूनच जास्त घाण होतं.

"मी लेखी दिलं होतं, सर," बाई म्हणाल्या. लिपिकाने आवक नोंदवही आणली. त्यात पत्राची नोंद नव्हती. अध्यक्ष म्हणाले, "बाई, झालं ते झालं. कबूल करा नि सुटा. उगा सरांचं नाव कशाला मधी आणताय?"

शाळा सुटल्यावर मी खणातलं ते पत्र फाडलं.

मशीन कंपनीने परत नेली. बाईंचं मानधन त्याच महिन्यात बंद झालं. प्रणाली बाईंनी टाकली अशी नोंद मी दप्तरात केली आणि दाखलाही मीच लिहिला: संगणक कक्षात अनधिकृत प्रणाली वापरल्यामुळे सेवा समाप्त. असा दाखला कुठल्याही अर्जाला जोडता येत नाही, हे मला कळत होतं. बाईंनी तो घेतला, वाचला, घडी केली आणि निघून गेल्या. माझ्या निरोप समारंभात वक्त्यांनी मला शाळेत संगणक युग आणणारा माणूस म्हटलं. मी शाल घेतली.

२०१० साली नातीला लवळ्याच्या कॉलेजच्या वसतिगृहात सोडायला गेलो, तेव्हा तिथल्या कार्यालयात खिडकीमागे बाई बसल्या होत्या. मुलींना खोल्यांच्या किल्ल्या देण्याचं आणि त्यांच्या सह्या घेण्याचं काम. त्यांनी मला ओळखलं आणि नातीला किल्ली देऊन सगळं नीट समजावून सांगितलं. पुढच्या आठवड्यात मी पुन्हा गेलो, या वेळी खरं काय ते स्वतःच्या अक्षरात लिहून. त्यांनी खिडकीतच वाचलं.

"सर, हे आता कशाला जोडू? सरकारी नोकरीची वयाची मर्यादा मी गेल्या वर्षीच ओलांडली."

मी माफी मागितली.

"शाळेत सांगितलंत?"

"नाही अजून."

"मग मला कशाला सांगताय? मला माहीतच आहे."

मी संस्थेत गेलो. अध्यक्ष तेच होते. चहा मागवला, पत्र वाचलं, परत माझ्यापुढे सरकवलं. "सर, आता हे उकरून काय मिळनार? शाळंचं नाव जाईल. तुमचं पेन्शन येतंय ना येळेवर?" नव्या मुख्याध्यापकांनी सांगितलं, जुन्या नोंदीत बदल करता येत नाही. ती नोंद तशीच आहे.

म्हणून हे इथे लिहिलं. छापायला देण्याआधी बाईंना वाचायला पाठवलं. महिन्याने परत आलं, पत्र नाही, चिठ्ठी नाही. फक्त समासात पेन्सिलीच्या खुणा. त्या सीडीतच व्हायरस होता, असं मी ठामपणे लिहिलं होतं. तिथे त्यांनी लिहिलं, "हे सिद्ध झालं नाही. बाहेरच्या पेनड्राइव्हनेही आला असेल. अपडेट बंद होते, एवढंच नक्की." लिनक्सला व्हायरस लागतच नाही, या वाक्यापुढे, "लागू शकतो." एके ठिकाणी मी त्यांना बिचाऱ्या म्हटलं होतं, तो शब्द त्यांनी खोडला होता. हे सगळं मी दुरुस्त केलं आहे.

बैठकीच्या भागात मी आधी लिहिलं होतं की, त्या क्षणी मला काही सुचलं नाही. त्या ओळीखाली त्यांनी रेघ मारली होती आणि पुढे फक्त प्रश्नचिन्ह काढलं होतं. ती ओळही मी काढून टाकली. मला सुचलं होतं.