किल्ल्यावरून पळवलेला शिलालेख

पोलिसातल्या नोकरीत चोर पुष्कळ पाहिले. पण मलकपेठच्या त्या घरातली दुपार अजून मनातून जात नाही.

राज्याच्या सीमेवरच्या एका जुन्या दगडी किल्ल्याच्या दरवाजातला शिलालेख चोरीला गेला होता. तिथल्या ठाण्याचा बिनतारी संदेश आला. जुन्या मूर्ती विकणाऱ्यांच्या मागे आम्ही माणसं लावली. व्यर्थ. मग सुलतान बाजारातला माझा खबरी आला. "साब, मलकपेठ के एक घर में टेम्पो से पत्थर उतरा. लिखे सो पत्थर है." म्हणजे अक्षरं कोरलेला दगड.

घर निघालं एका निवृत्त सरकारी वकिलांचं. जुनं मराठी घराणं. दगड मागच्या अंगणात होता, अक्षरं जमिनीकडे करून. शेजारी सिमेंटची पोती.

ठाण्यात आणल्यावर वकील मलाच कलमं शिकवू लागले. दगड विकत घेतला म्हणाले. कोणाकडून, ते सांगेनात. मी चहा मागवला आणि एवढंच विचारलं, "वकीलसाहेब, हौसेनं आणलेल्या वस्तूचं तोंड कोणी खाली करतं का?"

त्यांनी कप बाजूला सारला. "त्या किल्ल्याचा शेवटचा किल्लेदार आमचा पूर्वज. लढता लढता पडला, असंच आम्ही पिढ्यान्‌पिढ्या सांगत आलो. गावच्या जत्रेत पहिला मान आमचा. आता शिकलेली माणसं येऊन तो लेख वाचायला लागली. त्यानं शत्रूला दरवाजा उघडून दिला, असं त्यात कोरलंय."

पंचनाम्यासाठी पुन्हा घरी गेलो. हवालदारांनी दगड उलटवला. आवाज ऐकून वकिलांच्या वृद्ध आई काठी टेकत बाहेर आल्या.

"काय लिहिलंय रे? वाच."

वकिलांनी अडखळत वाचलं. गडावरचं पाणी संपलं होतं, आत बायकापोरं होती. सगळ्यांना जिवंत जाऊ द्यायचं, या बोलीवर किल्लेदारानं दरवाजा उघडला.

"म्हणजे आपलं घराणं त्याच दारातून जिवंत बाहेर पडलं," आई म्हणाल्या. "मग लाज कसली वाटली तुला?"

वकील पायरीवर बसले. पंचांनी सह्या केल्या, मी अटक दाखवली.

मुद्देमाल म्हणून तो दगड आमच्या कोठीत कितीतरी वर्षं पडून राहिला. कोर्टाच्या हुकमानं किल्ल्यावर परत गेला, तोवर आई हयात नव्हत्या.

गुन्हा सिद्ध झाला, माल परत गेला, तरी समाधान वाटलं नाही. नुसता थकवा आला. पूर्वजांच्या शौर्यापायी माणसं तुरुंगात जायला तयार होतात. त्यांच्या शहाणपणावर मात्र पांघरूण घालत बसतात.