टाचा उचलून केलेल्या खुणा

तुमच्या पायजम्याची नाडी तुम्ही स्वतः बांधता का? बांधत असाल तर तुम्ही माझ्यापेक्षा मोठे क्रांतिकारक आहात. घरकामाच्या समान वाटणीवर मी तीन पत्रकं लिहिली आहेत आणि गेला दीड महिना माझी नाडी आई बांधते आहे.

कामगारांच्या सुरक्षिततेचा फलक खांबाला बांधताना मी डगमगत्या स्टुलावरून पडलो. उजव्या खांद्याचं ऑपरेशन झालं, हात गळ्यातल्या पट्ट्यात अडकला आणि मी पडेगावातल्या आमच्या दोन खोल्यांत अडकलो. बघायला येणाऱ्या प्रत्येकाला मी बाईच्या न दिसणाऱ्या श्रमांबद्दल सांगायचो. आई त्या प्रत्येकाला चहा करायची.

पट्टा निघाल्यावर फिजिओथेरपीच्या बाईंनी व्यायाम दिला. भिंतीसमोर उभं राहून बोटांनी मुंगीसारखं वर चढायचं, हात थांबेल तिथं पेन्सिलीनं खूण करायची. "टाळाटाळ केलीत तर खांदा कायमचा आखडेल," असंही बजावलं. पण दुखायचं फार. मंत्र्यांना खोटारडे म्हणणारा मी चौथ्या दिवसापासून टाचा उचलून खुणा करू लागलो. खुणा सरकारी प्रगतीसारख्या भराभर वर चालल्या.

आईनं पकडलं.

"का रं पुढारी, बोटं वर न्यायला सांगितलीत. तू सगळाच कुठं चाललास?"

"दुखतं गं."

"मग दुखू दे. टाचा टेक. हे बघ, असं." तिनं शेजारी उभं राहून भिंतीला बोटं लावली. बोटं चढली, तिच्या खांद्याशी आली आणि थांबली. माझ्या सगळ्यात प्रामाणिक खुणेपेक्षा वीतभर खाली.

"अजून वर घे की," मी म्हणालो.

"जात नाय. लई दिस झाले."

"मला सांगितलं का नाहीस?"

"तू घरी असतोस कुठं? आन् असलास की बोलतच असतोस."

मग एकेक आठवू लागलं. वरच्या फळीवरचे डबे कधीच ओट्यावर उतरले होते. कपड्यांची दोरी खाली आली होती, आणि ती डोक्याला लागते म्हणून मी आईवरच चिडलो होतो.

पुढच्या वेळी फिजिओथेरपीला तिलाही नेलं. बाईंनी हात तपासून विचारलं, "इतके दिवस सहन कसं केलंत?"

"सवय हाय," आई म्हणाली.

बाई म्हणाल्या, उशीर झालाय; हात पूर्ण वर जाईलच असं सांगता येत नाही. आता सकाळी आम्ही दोघं भिंतीसमोर उभे असतो. ती माझ्या टाचांवर लक्ष ठेवते, मी तिच्या बोटांवर. काल तिची खूण होती तिथंच राहिली.

पत्रक वाचून घडी घालून ठेवायची तुमची सवय मला ठाऊक आहे, माझीही तीच आहे. पण हे चौथं पत्रक बाजूला ठेवण्याआधी स्वयंपाकघरात जा. तिथं जी कुणी असेल तिला दोन्ही हात डोक्यावर न्यायला सांगा आणि ते कुठं थांबतात ते बघा. कृपा करून भाषण करू नका.