डोकं नॉर्मल

रफूमावशी डोकेदुखीचं सोंग करते, ही बातमी इमारतीत गच्चीवरच्या टाकीपर्यंत पोचली होती. सोंग कशासाठी, यावर मात्र मतभेद. तळमजल्याच्या मते स्वयंपाक टाळायला, वरच्या मजल्याच्या मते नवऱ्याला धाकात ठेवायला. पुरावा एकच, पण तो सगळ्यांनी डोळ्यांनी पाहिलेला: डोक्याच्या स्कॅनचा रिपोर्ट. त्यात स्वच्छ लिहिलं होतं, नॉर्मल.

बातमी खोटी होती. रिपोर्ट खरा होता. ही दोन्ही वाक्यं एकाच बाईबद्दल असू शकतात, हे लोकांच्या डोक्यात शिरेपर्यंत तिची अर्धी नजर गेली होती.

मावशी कपडे धुण्याच्या दुकानात, मागच्या खोलीत रफू करायची. सिगारेटचं भोक, खिळ्याने फाडलेली बाही, किड्यांनी खाल्लेली कॉलर. बाहेरचा दोरा ती कधी वापरायची नाही. त्याच कपड्याच्या आतल्या शिवणीतून एकेक धागा ओढून काढायचा आणि मूळ वीण धरून भोकावर उभा-आडवा विणायचा. काम झालं की गिऱ्हाइकाला म्हणायची, "शोधा बघू कुठं होतं!" गिऱ्हाईक कापड उजेडात फिरवत बसायचं आणि ही तोंडावर हात ठेवून खुदुखुदु हसायची. बाईचा माज म्हणाल तर तेवढाच.

मग डोकं दुखायला लागलं. आडवं झालं की जास्त. सकाळी उठताना सगळ्यात जास्त. खोकला आला की कवटीत कुणीतरी पातेलं आपटल्यासारखं. कापडावर वाकली की क्षणभर सगळं राखाडी.

"आडवं झाल्यावर दुखतं?" काका, म्हणजे तिचे यजमान, म्हणायचे. "जगात डोकं दुखलं की माणूस आडवा होतो. तुझं आपलं भलतंच!"

झालं. आजाराची हीच खूण सोंगाची खूण ठरली.

तसे काका काही वाईट नव्हते. स्कॅनला तेच घेऊन गेले होते. पण रिपोर्ट आला आणि ते सुटले. आला-गेला दिसला की पिशवीतून फिल्म काढून खिडकीशी धरायची, घसा खाकरायचा. "बघा. सगळं जागच्या जागी. आता बोला!" त्या 'बोला'तला 'बो' ते इतका लांबवायचे, की 'ला' यायच्या आत शेजारीण मान डोलवून मोकळी. मावशी स्वयंपाकघराच्या दारात, ओला हात कपाळावर धरून उभी. तो हात बघूनसुद्धा लोक हसायचे.

दुकानात एकदा टेबलावर दोन कोट पडले होते, एक काळा, एक गडद निळा. मावशीने धागा ओढला निळ्याच्या शिवणीतून आणि विणला काळ्याच्या कोपरावर. गिऱ्हाईक कोट घालून उन्हात गेलं आणि तसंच परत आलं.

मालकीणबाई नाकातून बोलायच्या. "अगं, रिपोर्ट नाँर्मल आला नां? मग लक्ष कुठंय तुझं?"

"दिसलं नाही हो ताई."

"दिसलं नाही, की बघितलं नाहीस?"

मावशीने तो रफू उसवला. चष्म्याचा नंबर वाढला असेल, अशी तिने स्वतःचीच समजूत घातली आणि डोळ्यांच्या डॉक्टरकडे गेली.

हा डॉक्टर तपासताना गुणगुणायचा. तिच्या डोळ्यात बॅटरी धरली आणि त्याचं गाणं थांबलं.

"एकट्याच आलात?"

"नाही, हे बाहेर पेपर वाचतायत."

"आत बोलवा."

डोळ्यांमागची नस सुजली होती, म्हणजे डोक्यात दाब वाढला होता. काकांनी पिशवीला हात घातला. "पण आमचा रिपोर्ट तर..."

"तो मेंदूचा. मला शिरांचा फोटो हवा, मेंदूतून रक्त खाली आणणाऱ्या शिरांचा. आजच."

मोठ्या हॉस्पिटलच्या बाकावर मावशीशेजारी मी बसले होते, इमारतीतून सोबतीला आलेली. म्हटलं, "आता काही सापडलं ना, की काका तुझी माफी मागतील. मालकीणबाईपण."

"ते? दोघं एकच म्हणतील. आधी का नाही सांगितलंस."

"छे! इतकं निर्लज्ज कुणी नसतं."

"लाव पैज. जिंकेल ती सांगेल ते करायचं."

लावली.

बोगद्यात तिला झोपवलं. आडवंच. यंत्र ढग-ढग-ढग-टर्रर्र करत होतं, आणि दुखण्याने डोळ्यांतून पाणी कानात जात होतं. हलायचं नाही, असं बजावलेलं. मावशी मनातल्या मनात एकच म्हणत होती: निघू दे. देवा, काहीतरी निघू दे. चांगली सरळ बाई स्वतःसाठी आजार मागत होती, कारण नॉर्मलने तिला घरीदारी खोटं पाडलं होतं.

निघालं. काळ्या पडद्यावर पांढऱ्या शिरा. डावीकडे कानामागून एक जाड शीर वळण घेत खाली उतरलेली, उजवीकडे तिच्या जागी नुसता काळोख. रक्त गोठून वाट बुजली होती. पहिल्या फोटोत ही शीर दिसेल असं काही काढलंच नव्हतं, तिथली डॉक्टर म्हणाली.

मावशी पडद्याला नाक लावून बघत राहिली. "इथला धागा ओढून काढलाय," म्हणाली. मग काकांकडे वळली. "शोधा बघू कुठं होतं!" आणि हसली. खुदुखुदु नव्हे.

काकांनी घसा खाकरला. "अगं, एवढं होत होतं, तर आधी सांगायचंस ना!"

संध्याकाळी मालकीणबाईंचा फोन. "आधी नाही कां सांगायचंस? आम्ही काय परके?"

मी सपशेल हरले.

रक्त पातळ करायच्या गोळ्यांनी डोकं दुखायचं थांबलं. नजर गेली तेवढी गेली. आता काळा आणि निळा तिला उन्हातही एकच. मागच्या खोलीत दुसरी बाई बसते, बाहेरचा दोरा वापरते.

पैज वसूल करताना मावशी म्हणाली, "दोघांची नक्कल करायची. प्रत्येक मजल्यावर. टाकीपर्यंत पोचलं पाहिजे."

केली. घशाच्या खाकरण्यासकट, नाकासकट. वरच्या मजल्यावरची शेजारीण हसून हसून रडली, पदराने डोळे पुसले आणि म्हणाली, "पण काही म्हण हं, तिनं आधी सांगायला हवं होतं."