मंगळावरचे गोल गोटे

काल लेकीनं मोबाईलवर मंगळाचा फोटो दाखवला, तिथं फिरणाऱ्या गाडीनं काढलेला. खडकात लहान लहान गोटे रुतले होते, गोल आणि गुळगुळीत.

"ओळख बघू आई, यावरनं काय कळतंय?"

"हितनं नदी गेलीया," मी लगेच म्हणाले.

ते गोटे बघताच मला ओल्या मातीचा वास आला. मी लहान असताना कुरुंदवाडच्या आमच्या रानात विहीर खणत होते. पाणी लागत नव्हतं. थोरले चुलते काठावरून ओरडत होते, "बुजवा की आता! नुसती माती उपसायलाय." विहीर बुजली असती, तर आईच्या डोक्यावरची नदीची घागर सुटणार नव्हती. मी मात्र उपसलेल्या ढिगात खेळायला खडे शोधत होते. नदीकाठी मिळतात तसेच गोल खडे मिळाले. विहीर बुजवू नका, असं चुलत्यांसमोर बोलायचं धाडस नव्हतं, म्हणून ते खडे गुपचूप ढिगावर माती टाकायला आलेल्या वडिलांच्या हातात ठेवले.

"नदीवर गेलतीस व्हय गं?"

मी ढिगाकडं बोट केलं. वडिलांनी एक खडा बोटांत फिरवला आणि चुलत्यांकडं बघून म्हणाले, "दादा, हितनं कवातरी नदी व्हायली हाय. खाली पाणी हाय. थांबायचं न्हाय."

पाणी लागलं तेव्हा पहिली ओंजळ त्यांनी मला दिली. खडे दाखवले म्हणून दिली, असं तेव्हा वाटलं. आज कळतं, मी न बोललेलं त्यांनी ऐकलं होतं.

"शास्त्रज्ञपण हेच म्हणतात," लेक म्हणाली. मला नवल वाटलं नाही. मी त्या गोट्यांवरून बोट फिरवलं, तर फोटोच सरकला.

"मागं घे गं," मी म्हणाले, "अजून बघायचंय."